टाकीचा अर्थ

काटा अर्ध्यावर होता आणि गाडी चढावर बंद पडली.

आधी दोन आचके दिले, मग घशात घास अडकल्यासारखी खाकरली आणि गप्प झाली. सुनेने ब्रेकवर अख्खं वजन टाकलं, हातब्रेक ओढला. मागे दुधाचे कॅन एकमेकांवर आपटले आणि शांत झाले. शेजारच्या सीटवर सासरे बसले होते. त्यांच्या मांडीवर टोपली, आणि टोपलीत तिची लेक, तोंड उघडं टाकून झोपलेली.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता. उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच कळायचं. बाकी जग ते कानांनी बघायचे.

"कळत नाही, मामंजी. डिझेल तर अर्धी टाकी आहे."

"कोण म्हणतं?"

"काटा म्हणतो."

खिडकीतून हात बाहेर काढून सासऱ्यांनी दाराच्या पत्र्यावर थाप मारली, दमलेल्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि हात तिथेच ठेवून दिला.

ती खाली उतरली. चाकामागे दगड लावला. सकाळचीच वेळ, पण ऊन आत्ताच मानेवर बसायला लागलं होतं. यंदा कालवा लवकर आटला, चारा काडीकाडीने संपत आला, गायी निम्म्याने दूध द्यायला लागल्या, आणि जे देत होत्या ते दूध उन्हात तग धरत नव्हतं. कॅन भरल्यापासून दूध केंद्रावर पोहोचेपर्यंत शर्यत असायची. तिने बांधावरची एक काटकी मोडली, टाकीचं झाकण काढलं, काटकी आत घातली आणि बाहेर काढली.

काटकी कोरडी होती.

कुणीतरी तोंडावर खोटं बोललं आणि आपण मान डोलावत राहिलो, असं झालं तिला.

मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने हात दाखवल्यावर थांबून छोटा कॅनभर डिझेल दिलं. पण डिझेलची गाडी एकदा कोरडी पडली की नुसतं ओतून भागत नाही. पाइपात शिरलेली हवा काढावी लागते. तिने इंजिनाच्या पंपावरचा स्क्रू सैल केला आणि अंगठ्याने हातपंप दाबायला घेतला. फुस्स, फुस्स करत फेस येत राहिला. अंगठा दुखून बधिर झाला, तरी फेसच.

तेवढ्यात लेक उठली. भुकेने उठली होती, त्यामुळे तिने सूर थेट वरचाच लावला. सुनेला तो आवाज कानाच्या आधी छातीला ऐकू आला. अंगावर दूध भरून आलं आणि कपड्यावर ओले डाग उमटले. तिने हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत डिझेल.

"पोरी, ही काही ऐकत नाही," सासरे आतून म्हणाले.

"बोट द्या तोंडात. धुतलेलं आहे ना?"

"धुतलंय गं. पण तिला फसवता येत नाही. आजीवर गेलीय."

ट्रॅक्टरवाला हसला. ती नाही हसली. पंप दाबत राहिली. फेस जाऊन डिझेलची स्वच्छ धार लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

गाडी जुनी होती. सासऱ्यांनी तिच्यात उभं आयुष्य घातलं होतं. वरच्या वाड्यांवरचं दूध गोळा करून खाली केंद्रावर पोहोचवायचं, हा फेरा त्यांचा. डोळे गेले तेव्हा स्टिअरिंग मुलाकडे यायला हवं होतं. पण देव कधी कधी चांगली थट्टा करतो. ड्रायव्हरचं पोर, आणि त्याला गाडी लागायची. दुसऱ्या वळणावर तोंड पांढरं, तिसऱ्यावर मान खिडकीबाहेर. गायी तो जिवापाड सांभाळायचा, धारा काढायचा, वैरण आणायचा, पण गाडीत म्हणून बसायचा नाही. मग सासऱ्यांनी सुनेला शिकवलं. शेजारी बसून, डोळे मिटल्यासारखेच, नुसत्या आवाजावर. "आता क्लच. आता सोड. हळू सोड, गाय दावणीला बांधताना दोर सोडतेस तसा." ती शिकली. आणि शिकल्यावर तिला कळलं की आपल्याला हे आवडतं. वळण येताना पोटात जे हलतं ते आवडतं. घरातली सगळी कामं रोज पहिल्यापासून सुरू व्हायची. हे एकच काम असं होतं की कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचायचं.

केंद्राच्या फाटकावर सुपरवायझर उभाच होता. त्याचं नाक म्हणजे तिथलं कोर्ट. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, निकाल द्यायचा. त्याने पहिलं झाकण उघडलं आणि मान मागे घेतली. दुसरं उघडलं. तिसरं उघडलंच नाही.

"बाबा," तो तिच्या डोक्यावरून सासऱ्यांशी बोलला, "हे दूध नाही राहिलं."

"रस्त्यात डिझेल संपलं," ती म्हणाली.

"बाबा, सुनेला सांगा, डिझेल संपण्याआधी भरायचं असतं."

बाजूला पिवळ्या टेम्पोचा मालक दाराला टेकून उभा होता. हा फेरा आपल्याला मिळावा म्हणून त्याने बरेच दिवस सुपरवायझरभोवती घिरट्या घातल्या होत्या. "वहिनी," तो म्हणाला, "पुढच्या वेळी दोरी घेऊनच येतो. ओढून आणीन."

"आणा की," ती म्हणाली. "तुमच्या चाकांत हवा असली तर."

हजरजबाबीपणे बोलली खरी, पण दूध गटारात ओततानाचा आवाज तिला जड गेला. पांढरा लोट सिमेंटवरून वाहत गेला. माश्या आधीच येऊन बसल्या होत्या.

त्याहून जड गेलं ते रिकामे कॅन परत करणं. सगळ्यात वरच्या वाडीतली म्हातारी, जिला सगळे मावशी म्हणायचे, दोनच गायींचं दूध द्यायची. तिने कॅन घेतला, आत डोकावलं, आणि टोपलीतल्या लेकीकडे बघत म्हणाली, "हिला पाजायला थांबली असशील. पाज बाई. तुझं पोर तेवढं पोर. आमच्या गायी काय, दगड खाऊन दूध देतात."

"मावशी, तसं नाही."

"नसेल. आम्हाला काय कळतंय?"

त्या दिवसापासून सुनेने काट्यावरचा विश्वासच काढून घेतला. रोज सकाळी कॅन भरले की आधी पंपावर वळायचं, थोडं का होईना डिझेल टाकायचं. काटकीने टाकी कोरडी की ओली एवढंच कळायचं, किती पुरेल ते नाही. पण पंप मुख्य रस्त्यापासून आत होता, आणि या दिवसांत तिथे पाण्याच्या टँकरची रांग असायची, दुपारपर्यंत तर डिझेलच संपून जायचं. टँकरवाले बाईमाणूस बघून पुढे सोडतील असं वाटलं होतं. उलट ते बाईमाणूस बघून तिच्या पुढे घुसायचे. मग केंद्रावर उशीर व्हायचा. दूध नासायचं नाही, पण फाटक बंद होता होता पोहोचायची, आणि सुपरवायझर मनगटावरचं घड्याळ तिला नाही, सासऱ्यांना दाखवायचा. ज्यांना ते दिसत नव्हतं.

शेवटी त्याने स्पष्टच सांगितलं. "बाबा, तुमच्या तोंडाकडे बघून इतके दिवस थांबलो. उद्या फाटक लागायच्या आत गाडी आली नाही, तर परवापासून वाड्यांवर पिवळा टेम्पो जाईल."

सासरे म्हणाले, "बरं."

परतीच्या रस्त्यावर प्रत्येक वळण तिने जरा सावकाश घेतलं, जेवणाच्या ताटातला शेवटचा घास पुरवून खावा तसं.

त्याच दुपारी सासऱ्यांना आणि लेकीला घरी उतरवून ती गाडी घेऊन बाजारगल्लीतल्या वायरमनकडे गेली. गाड्यांच्या वायरी जोडणारा हा माणूस बोलताना तोंडात नेहमी एखादा स्क्रू धरून असायचा. अर्धं बोलणं स्क्रूमागेच राहायचं. तो गाडीखाली सरपटत गेला, टाकीवरची वायर काढली आणि ओरडला, "काटा बघा!"

काटा सरकन वर जाऊन फुल्लच्या खुणेला टेकला.

"फुल्ल!"

"आता?" त्याने तीच वायर गाडीच्या सांगाड्याला टेकवली.

काटा शून्यावर आला.

"शून्य!"

तो बाहेर आला, गुडघे झटकले. "मीटर चांगला. वायर चांगली. म्हणजे दुखणं टाकीतच. आत एक दांडी असते, दांडीला पोकळ डबी. डिझेलवर तरंगते. डिझेल वर तर डबी वर, डिझेल खाली तर डबी खाली. ती अडकली असेल नाहीतर फुटली असेल. गाडी ठेवून जा, टाकी उतरवतो."

"ठेवून कशी जाऊ? संध्याकाळचं दूध आहे."

"मग घरी बघा उघडून. वरचे स्क्रू काढले की निघते बाहेर." पुढचं गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं. तो तिकडे जाता जाता स्क्रूमागून म्हणाला, "ती ठीक असली, तर मग टाकीचा अर्थ लागत नसेल."

तिने मान डोलावली. बरोबर आहे, तिला वाटलं. कशाचाच अर्थ लागत नाहीये.

संध्याकाळचं दूध पोहोचवून आल्यावर, अजून चांगला उजेड होता तेव्हा, तिने अंगणात गाडीच्या कडेला, टाकीपाशी पोतं अंथरलं. सासरे गोठ्यात गायींना पाणी दाखवत होते. नवरा पान्ह्याचा डबा घेऊन उभा राहिला. लेक पाळण्याऐवजी वैरणीच्या ढिगावर ठेवली होती आणि स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायचा प्रयत्न करत होती.

"वायरमन काय म्हणाला?" नवऱ्याने विचारलं.

"डबी फुटली असेल म्हणाला. नाहीतर टाकीचा अर्थ लागत नसेल."

"टाकीचा अर्थ?" नवरा हसला. "टाकी आहे का कविता?"

"हसू नका. आत जाऊन बसा. मी सांगितलं की नुसती किल्ली फिरवून काटा वाचायचा."

"आत?"

"गाडी उभी आहे हो. बंद आहे."

"बंद असली तरी तिचा वास असतो ना," तो म्हणाला. पण बसला, एक पाय बाहेर ठेवून.

तिने गुडघ्यांवर बसून टाकीच्या माथ्यावरचे स्क्रू काढले. माती इतकी बसली होती की आधी प्रत्येक खाच खिळ्याने कोरावी लागली. मग गोल चकती उचलली आणि तिच्याबरोबर दांडी बाहेर आली. टोकाला लिंबाएवढी डबी, डिझेलने चकाकणारी. तिने कानाशी धरून हलवली. आत काही वाजलं नाही. फुटलेली नव्हती. दांडी वरखाली केली. कुठे अडकत नव्हती.

चकती हातात नीट धरता येईना म्हणून तिने ती गाडीच्या सांगाड्यावर टेकवली आणि डबी बोटाने वर उचलली. "काय दाखवतो?"

"फुल्ल."

तिने डबी हळूहळू खाली आणली. "आता?"

"अर्धा... पाव... शून्य. अगं, हा तर सरळ चालतोय!"

"परत बघा." वर, खाली. वर, खाली. काटा शहाण्या पोरासारखा मागेमागे येत होता.

"सुधारला," नवरा म्हणाला. "तुझ्या हाताला घाबरला. मी उतरू का? मला जरा कसंतरी होतंय."

"बसा जरा."

तिने चकती परत टाकीवर ठेवली, स्क्रू पिळले. टाकीत आत्ता तळाशी चुळकाभर डिझेल होतं. तिने स्वतः काटकी घालून बघितलं होतं. "आता किती?"

"पाऊण."

ती पोत्यावरच बसून राहिली. हातात होती तेव्हा खरं बोलत होती. टाकीत ठेवली की खोटं. तीच वायर, तीच डबी, तोच काटा. मग माझ्या हातात असं काय होतं, जे टाकीत नाही? तिने स्क्रू पुन्हा सोडवले. चकती उचलून नुसती हवेत धरली.

"आता?"

"फुल्ल. आणि खरंच सांगतो, मी आता बाहेर जातो."

तो गेलाच. भिंतीशी ओणवा झालेला त्याचा आवाज आला. तिचं लक्ष नव्हतं. तिने चकती सांगाड्यावर टेकवली, मान उंचावून दारातून आत डोकावली. काटा खाली. उचलली, काटा वर. टेकवली, खाली.

टेकण्याचा प्रश्न होता.

वायरमनही वायर सांगाड्याला टेकवूनच दाखवत होता. म्हणजे वीज वायरीने येते, तशी तिला परतायला लोखंडाची वाट लागते. टाकी सांगाड्याला टेकलेली असली की ती वाट आपसूक मिळते. अर्थ! कसला अर्थ घेऊन बसलो आपण दुपारपासून? वायरवाले त्या परतीच्या वाटेलाच अर्थ म्हणतात, अर्थिंगमधला अर्थ. टाकीचा अर्थ लागत नाही, म्हणजे टाकी गाडीला कुठे टेकतच नाही. कुठेतरी मातीतून, गंजातून जरासा स्पर्श होत असेल तेवढाच, म्हणून काटा मनाला येईल तिथे लटकायचा.

पण टाकी टेकत कशी नाही? दोन जाड पट्ट्यांनी आवळलेली आहे ती. तिने हात घातला. पट्टी आणि टाकी यांच्यामध्ये बोटांना काहीतरी मऊ लागलं. ओढून बघितलं तर काळं रबर. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. वर, खाली, बुडाशी, जिथे जिथे लोखंड लोखंडाला भेटत होतं तिथे तिथे. कडा कशा सरळ कापलेल्या! एकेक पट्टी बारीक तारेने गुंडाळून पक्की केलेली. असं काम या घरात एकच माणूस करायचा.

ती गोठ्याकडे गेली तेव्हा सासरे बादलीच्या कडेवर हात ठेवून गाय किती पाणी पिते ते ऐकत होते.

"मामंजी, टाकीखाली रबर तुम्ही घातलंत?"

"हो." मग त्यांचा चेहरा जरा उजळला. "टिकलंय ना अजून?"

"टिकलंय. कधी घातलंत?"

"तू हिला पहिल्यांदा बरोबर घेतलंस ना, थंडी संपता संपता. टाकी फार खडखडायची बघ. दर खड्ड्याला पोर दचकून उठायची. दुपारी तू झोपलीस आणि मी चाचपत चाचपत घातलं. तुला सांगणार होतो, मग म्हटलं, कशाला? पोर झोपली की कळेलच."

कळलं नव्हतं तिला. रस्ता दुरुस्त झाला असं वाटलं होतं.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं. तिच्या गप्प राहण्यातलं काहीतरी त्यांनी ऐकलं होतं.

सांगावं की नको, असं तिला क्षणभर झालं. वायर सुटली होती म्हणून सांगता आलं असतं. पण या माणसाने तिला आवाजावर गाडी शिकवली होती. त्याच्याशी आवाजात लपवाछपवी करून उपयोग नव्हता.

"त्या रबरामुळे टाकीचा अर्थ तुटला, मामंजी. म्हणून काटा चुकत होता."

अर्थ म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. गायीने बादलीतून तोंड काढलं, ओल्या नाकाने त्यांच्या दंडाला ढकललं. ते हलले नाहीत.

"म्हणजे दूध मी नासवलं," ते म्हणाले.

"दूध उन्हाने नासलं."

"मला उगाच पोरासारखं समजावू नकोस." ते बादलीशेजारी उकिडवे बसले. "तुला आठवतं का, मी मधूनच म्हणायचो, आज डिझेल भर?"

आठवत होतं. काट्याकडे बघायची तिला गरजच पडायची नाही. ते म्हणायचे आणि ती पंपावर वळायची. मग कधीतरी त्यांनी म्हणणं सोडलं. तिला वाटलं होतं, आता आपल्यावर सोपवलं.

"काटा मी जन्मात बघितला नाही. भरलेली टाकी गप्प असते. रिकामी होत गेली की खडखड वाढत जाते. कुठल्या खड्ड्याला कशी वाजली त्यावरून मला डिझेल कळायचं. रबर घातलं आणि ते बंद झालं. म्हटलं असू दे, माझं ऐकणं गेलं तर गेलं. पोर झोपते. आणि तुला काटा आहेच की." त्यांनी नाकातून श्वास सोडला. "दोघांचंही एका फटक्यात घालवलं. ट्यूबचा तुकडा, पण काय काम केलं!"

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. वैरणीवरून लेकीने हाक मारल्यासारखा आवाज काढला. दोघांनीही एकदम तिकडे मान वळवली.

"काढून टाक ते," सासरे म्हणाले.

"काढायचं कशाला? एक वायर जोडली की झालं. टाकीपासून सांगाड्यापर्यंत. तुम्ही तार सोलून द्या, मी स्क्रू घासते."

त्यांनी तार सोलून दिली. दातांनी धरून, नखाने वरचं आवरण मागे ओढत, तांब्याचा एक केस न तोडता. तिने सांगाड्याच्या बोल्टवरचा गंज काचकागदाने घासला, धातू चमकेपर्यंत घासला. वायर दोन्हीकडे आवळली. नवरा तोंड धुऊन परत आला होता. तो यावेळी दाराबाहेर उभा राहून लांबूनच मान घालून म्हणाला, "शून्याच्या जरा वर." तिने घरी ठेवलेला डिझेलचा कॅन टाकीत ओतला. काटा हलला, विचार करत करत वर चढला आणि पावाच्या थोडा पुढे थांबला.

"आता खरं असेल ना?" नवरा म्हणाला.

खरं आहे की नाही ते अंगणात उभ्या गाडीत कसं कळणार?

सकाळी वाड्या झाल्या. सगळ्यात वर मावशीने कॅन दिला आणि तिच्याकडे न बघताच घरात वळली. ते टोमण्यापेक्षा वाईट होतं. तिलाही कळलं होतं बहुतेक, उद्यापासून कॅन कोण न्यायला येणार ते. उतारावरून खाली येताना कॅनांची झाकणं बारीक किणकिणत होती. लेक टोपलीत झोपली होती. समोर फाटा दिसायला लागला. उजवीकडे पंप, सरळ केंद्र. पंपावर टँकर उभे होते, एकामागे एक.

सासऱ्यांना टँकरांची घरघर ऐकू आली. "आत घे," ते म्हणाले.

"रांग आहे, मामंजी."

"असू दे. उशीर झाला तर शिव्या देतील. रस्त्यात बंद पडली तर फेरा जाईलच, वर पुन्हा दूध जाईल. मावशीला काय सांगशील? आत घे."

तिने काट्याकडे बघितलं. पाव. काल पाव, आज वाड्या फिरून पावाच्या किंचित खाली. हा काटा कालपर्यंत तिच्या तोंडावर खोटं बोलत होता. पण आता तो कुठे टेकलाय ते तिला माहीत होतं. तिने स्वतः घासलेला बोल्ट, त्यांनी दातांनी सोललेली तार. आतापर्यंत ती काट्यावर विश्वास ठेवत होती किंवा अविश्वास. आज पहिल्यांदाच तिला तो समजत होता.

"पाव टाकी आहे," ती म्हणाली. "पुरेल."

आणि सरळ गेली.

सासऱ्यांनी टोपलीचा कान मुठीत धरला. थोड्या वेळाने दुसरा हात दारावर गेला, बोटं पत्र्यावर फिरू लागली. जी खडखड आता कधी ऐकू येणार नव्हती ती शोधत.

चढ लागला. तोच चढ. गाडीने नाक वर केलं आणि काटा घसरायला लागला. पावावरून खाली. लाल खुणेवर. लालच्याही खाली.

डिझेल टाकीत मागे सरलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. डबी दुसऱ्या टोकाला आहे. चढावर असंच होणार. स्वतःला सांगितलेलं स्वतःलाच पटतं असं नाही. ट्रॅक्टरवाला थांबला होता ती जागा आली. चाकामागे लावलेला तिचा दगड अजून कडेला पडला होता. इंजिनाचा आवाज तिने असा ऐकला, जसा आजारी लेकीचा श्वास ऐकला होता एकदा. प्रत्येक आल्यावर पुढचा येतो का, ते बघत.

"काही म्हणायचं आहे का तुला?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"मग श्वास तरी घे."

तिने घेतला. चढाचा माथा आला, गाडीने नाक खाली केलं आणि काटा उठून परत पावाखाली येऊन बसला. जिथे होता तिथेच. तिचा सुटलेला श्वास ऐकून सासऱ्यांची मूठ टोपलीच्या कानावरून सैल झाली.

फाटक उघडं होतं. सुपरवायझर घड्याळाकडे बघत होता. बघून त्याने हात खाली घेतला. पिवळा टेम्पोही होता, धुऊनपुसून आणलेला, मागे नवी दोरी गुंडाळलेली. मालकाने तिची गाडी आत येताना बघितली आणि बिडी पायाखाली विझवली. सुपरवायझरने पहिलं झाकण उघडलं, वाकला, सरळ झाला. दुसरं. तिसरं. मावशीच्या कॅनपाशी जरा जास्त थांबला. मग त्याने हमालांना आत न्यायची खूण केली आणि पुढच्या गाडीकडे वळला. चांगलं म्हणाला नाही की वाईट. पिवळ्या टेम्पोचा दरवाजा जोरात लागला आणि तो टेम्पो रिकामाच बाहेर पडला.

तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आणि एवढा वेळ, चढ, खड्डे, हॉर्न, सगळ्यांत झोपलेली लेक त्या शांततेने दचकून उठली. उठली ती थेट रडतच.

"आली आली," ती म्हणाली. हात पाण्याने धुतले, फडक्याला पुसले, सीटवर केंद्राच्या भिंतीकडच्या बाजूला सरकून लेकीला जवळ घेतलं. रेक्झिनची सीट तव्यासारखी तापली होती. लेकीने दोनदा चुकीच्या जागी तोंड मारलं, मग सापडलं. गाडीत एकदम गप्प झालं.

सासरे चाचपडत खाली उतरले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी खिडकीच्या काचेत अडकवला, ऊन आणि नजरा दोन्ही अडतील असा, आणि दाराला पाठ टेकवून उभे राहिले.

कॅन उतरवून झाल्यावर एक हमाल आला. "बाबा, गाडी काढा. मागे लाइन लागलीय."

"निघेल."

"निघेल काय? आत्ता काढा. साहेब ओरडतील."

मागून कुणीतरी हॉर्न दिला. मग आणखी एकाने. सुपरवायझर स्वतःच झाकण हातात घेऊन पुढे आला. "बाबा, काय चाललंय? गाडी कोण हलवणार?"

सासऱ्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली, पण दारावरची पाठ हलवली नाही.

"ड्रायव्हर कामात आहे," ते म्हणाले. "थांबावं लागेल."